ताईचा हिसका

३ सप्टेंबर, रविवार

ताई,

फोन तू उचलत नाहीस. आईचा उचलतेस, पण मी तिच्या शेजारी बसले आहे असं कळलं की लगेच तुझ्या गॅसवर काहीतरी उतू जातं. रोज काय उतू जातं गं तुझ्याकडे? म्हणून हे पत्र. पत्र उतू जात नाही. ते तुझ्या दारात पडून राहील आणि बाहेर पडताना तुला निदान ते ओलांडून तरी जावं लागेल.

मला काय हवंय ते आधीच सांगून टाकते, म्हणजे नेहमीसारखी शेवटच्या ओळीवर उडी मारायला नको. तू माझ्याशी बोलायला हवी आहेस. परत ये म्हणत नाही, खेळ म्हणत नाही, चुकलं म्हण असंही म्हणत नाही. फक्त बोल. घरात तुझ्या आवाजाची जागा रिकामी आहे आणि मला ती सहन होत नाही.

मागच्या मोसमातला शेवटचा सामना मी विसरलेले नाही, तूही विसरली नसशील. जोडीचा सामना, आपण दोघी पुढे, आणि शेवटची टोपली तळ्यापलीकडे. तू फेकलेली डिस्क टोपलीत पडायच्या ऐवजी पाण्यात गेली. झालं ते एवढंच. लोकांच्या डिस्क पाण्यात जातच असतात, त्या तळ्यात आता बेडकांपेक्षा डिस्कच जास्त असतील. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तरी घरी येताना तू पुलावर थांबलीस आणि म्हणालीस, "शेपटे, तू फेकतच नाहीस. मी फेकताना जशी दिसते तशी तू दिसतेस, एवढंच. मला आता स्वतःची नक्कल बघायचा वीट आलाय." आणि आठवडा उलटायच्या आत पाट्या रंगवायचे ब्रश, डबे, शिडी सगळं गाडीत घालून त्या समुद्रकाठच्या गावी होड्या रंगवायला निघून गेलीस.

नक्कल! मला शेपटी हे नाव ठेवलं कुणी? तूच. मैदानावर तुझ्या मागे उभी राहून, तुझा पाय उठला की त्याच जागी माझा पाय ठेवायला शिकवलं कुणी? "माझ्याकडे बघ आणि तसंच कर" हे वाक्य मी ऐकलं नसेल असा एक रविवार आठवत नाही. तसंच केलं. आता तसंच केलं म्हणून रागावतेस. अजब न्याय आहे तुझा.

आई बरी आहे. माझा राग गेलेला नाही, तो पाकिटात बरोबर पाठवते आहे.

तुझीच, पण नाइलाजाने


१० सप्टेंबर, रविवार

ताई,

उत्तर आलं नाही. येणार नव्हतंच. मी लिहीत राहणार आहे, तुझा नि माझा चिवटपणा एकाच आईचा आहे.

इथली हालहवाल ऐक. मैदान आहे तसंच आहे. जुन्या पाणीपुरवठ्याच्या मागचं गवत कंबरेपर्यंत वाढलंय. तिसऱ्या टोपलीवर लोंबणाऱ्या साखळ्यांना गंज चढलाय, त्यामुळे डिस्क आत पडली की खणखणाट होत नाही, कुणी खोकल्यासारखं वाटतं. पंपघरातली आपली क्लबची खोली मोजपट्टीकाकांनी पांढरी रंगवली. तुझ्या तोडीचं काम नाही, कडेला सगळे ओघळ आहेत. ते निवृत्त झाल्यापासून त्यांना मोजायला रस्ते उरले नाहीत, म्हणून आता आम्हाला मोजतात. मोबाईल तिपाईवर लावून प्रत्येकाची फेक टिपतात आणि हात कुठे, कोपर किती वाकलं, गुडघा कुठे, यावर रेघा मारतात. भिंतीवर त्यांनी एक भला मोठा तक्ता लावलाय. त्यात तू आहेस. म्हणजे तू नाहीस, तुझा हात आहे, खांद्यापासून बोटांपर्यंत, एकामागून एक चित्रांत. आणि हात मागे गेल्यावर, पुढे यायच्या आधी, तुझा उजवा खांदा कानाकडे किंचित उचलला जातो ना, त्याला त्यांनी लाल गोल केलाय. खाली लिहिलंय, "ताईचा हिसका. फेकीचा प्राण."

आता अख्खा क्लब खांदा उडवतो. रविवारी सकाळी लांबून बघितलं तर वाटतं सगळ्यांना एकाच वेळी कुणीतरी प्रश्न विचारलाय आणि सगळे म्हणताहेत, आम्हाला काय माहीत!

हसलीस? एवढंसं तरी?

नव्या लोकांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तू नाहीस, मग उरली शेपटी. माझ्याकडे दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या आहेत, त्या चौकातल्या दवाखान्याच्या. वय आईहून थोडं कमी, अंगाने बारीक, पण हात असे घट्ट की माझं मनगट धरलं तर मीच सरळ उभी राहिले. नोव्हेंबरच्या जोडीच्या सामन्यात त्या माझ्या जोडीला असणार आहेत. तुझी जागा दिली असं समजू नकोस. तुझी जागा मी कुणाला दिलेली नाही, फक्त तिथे कुणीतरी उभं आहे.

आई अजूनही विचारते, "पडली का गं थाळी टोपलीत?" इतकी वर्षं दोन मुली दर रविवारी सकाळी निघून जातात ते झाडाझाडांतून थाळ्या फेकून लोखंडी टोपलीत पाडायला, यावर तिचा अजूनही पूर्ण विश्वास बसलेला नाही. तिला आतून वाटतं आपण दुसरीकडेच कुठेतरी जातो.

तू आईला सांगितलंस की आता शिडीवर चढत नाहीस, रंगाच्या दुकानात बसून लोकांना रंग मिसळून देतेस. हे काय नवीन? जेवायलासुद्धा शिडीवरून खाली न उतरणारी बाई तू. होड्यांचा कंटाळा आला इतक्यात?


२१ सप्टेंबर, गुरुवार

ताई,

आज एक गंमत झाली, पण मला हसू आलं नाही.

डॉक्टरीणबाईंना मी तुझी फेक शिकवत होते. पाऊल असं, मग दुसरं पाऊल मागून आडवं, हात मागे, खांद्याचा हिसका, मग पुढे. त्या अगदी मन लावून करत होत्या. एकाएकी थांबल्या आणि म्हणाल्या, "अहो, एक विचारू? हा खांदा का उचलायचा?"

मी म्हटलं, "त्याने जोर येतो."

"मला तर उलट वाटतंय. हात पुढे यायला निघतो, आणि खांदा त्याला मध्येच अडवतो. तुमचं काय होतं?"

ताई, माझं काय होतं ते मला माहीतच नव्हतं. मी उभी राहिले, हात मागे नेला, खांदा उडवला, हात पुढे आणला, आणि आत काय होतंय ते शोधायला गेले तर तिथे कुणी नव्हतं. मला फक्त दिसत होतं. बाहेरून. तू दिसत होतीस, पाठमोरी, तुझ्या त्या रंगाचे डाग पडलेल्या शर्टात. मी शेवटी म्हटलं, "ताई करते म्हणून."

त्या म्हणाल्या, "बरं बरं," आणि चष्मा पुसत बसल्या. लहान मुलाने काहीतरी वेड्यासारखं सांगितलं की आपण जसं बरं बरं म्हणतो, तसं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग घरी येताना पुलावर तुझं वाक्य आठवलं आणि झोंबणं जरा खाली उतरलं, पोटात.

याचा अर्थ तू बरोबर होतीस असा काढू नकोस. मी अजून विचार करते आहे.


८ ऑक्टोबर, रविवार

ताई,

माझी फेक गेली. सरळ सांगते. हिसका काढून फेकली तर डिस्क नाक वर करून हवेत थांबते आणि डाव्या झाडीत जाऊन पडते. हिसका घालून फेकली तर मला डॉक्टरीणबाईंचा चेहरा दिसतो आणि ती उजव्या झाडीत जाते. मोजपट्टीकाकांनी माझ्या फेकीवर इतक्या रेघा मारल्या की मी त्यांत जाळ्यात सापडल्यासारखी दिसते. "कोपर दोन अंशांनी खाली," ते म्हणतात. माझ्या कोपराला अंश कळत असते तर आणखी काय हवं होतं!

परवा स्वप्न पडलं. मी आपल्या पहिल्या टोपलीसमोरच्या, फेकायच्या ओट्यावर उभी आहे आणि डिस्क सोडली आहे, पण ती खाली येत नाही. झाडांच्या वरून, पंपघराच्या वरून, आपल्या गच्चीवरून हळूहळू जाते आहे, आणि मी तिच्या खालून चालते आहे. वाटेत सगळी ओळखीची घरं, पण दारं कुठेच नाहीत. मी सारखी म्हणते, मी सोडली कधी? हात वळवून बघते, तर हातात डिस्क आहेच. जाग आली तेव्हा माझी मूठ मिटलेली होती आणि बोटं दुखत होती.

इकडे काचेच्या दुकानात माझं काम चालू आहे. ती मोठी खिडकी आठवते, बाजारातल्या कापडवाल्याची? तिची काच मी एकटीने कापली. मालकीणबाई म्हणाल्या, "हात बसला हो तुझा." आणि तिथेच मला एक सुचलं, ते तुला सांगायचंय. काच कापायला मला कुणी दाखवलंच नाही. मालकीणबाई टेबलाशी उभ्या राहिल्या की त्यांच्या पाठीपुढे काही दिसायचं नाही, एवढा त्यांचा देह. मला फक्त काचेवर फिरणाऱ्या हिऱ्याचा आवाज यायचा. बारीक, सलग, कागद फाटल्यासारखा आला की काच बरोबर तुटणार. करकर आली की फुकट गेली. मी त्या आवाजाच्या मागे लागले. दाब किती द्यायचा, हात किती हलका ठेवायचा, ते आवाजाने सांगितलं. त्यांचा हात कसा दिसतो ते मला आजही माहीत नाही. आणि काच मला येते.

तुझी फेक मला पापणीच्या आत दिसते, इतकी पाठ आहे. आणि ती मला येत नाही.

डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "दाढ काढताना मला आतलं काय दिसतं? रक्त आणि थुंकी. हाताला कळतं, आता सुटणार. त्याच्या आधी ओढली तर मोडते." मग त्यांनी पिशवीतून टॉवेल काढला, नळाखाली ओला केला आणि म्हणाल्या, "हा झटका बघू. डिस्क राहू दे बाजूला." पंपघराच्या मागे आम्ही दोघी टॉवेल झटकत बसलो. मोजपट्टीकाका दारातून डोकावले आणि तसेच आत गेले. बिचाऱ्यांनी हात टेकले आमच्यापुढे.


१७ ऑक्टोबर, मंगळवार

ताई! ताई!

ऐक. बस आधी, आणि गॅस बंद कर.

आज दुकान उशिरा उघडणार होतं म्हणून मी भल्या सकाळी एकटीच मैदानावर गेले. धुकं असं होतं की पुलावरून खालचं पाणी दिसेना, नुसता आवाज. मैदानात शिरले तर झाडं नाहीत, टोपल्या नाहीत, पंपघर नाही. जग पुसून ठेवल्यासारखं. मी ओट्यावर चढले. सवयीने समोर तुझी पाठ शोधली, तर तीही धुक्यात. खाली बघितलं तर माझे पायसुद्धा धूसर. मग मला एकदम हलकं वाटलं. इथे मी कशी दिसते हे कुणालाच दिसणार नव्हतं, मलासुद्धा.

मी डिस्क बोटांत धरली, सैल, चहाची बशी धरावी तशी. पाऊल टाकलं, हात मागे गेला आणि तिथे थोडा रेंगाळला. त्याला घाई नव्हती. मग पुढचा पाय जमिनीवर टेकला, कंबर वळली, हात आपसूक तिच्यामागून निघाला, छातीजवळून जाताना डिस्क एकदम जड झाली. ताई, जड! एवढीशी प्लास्टिकची वस्तू, आणि पाण्याने भरलेल्या बादलीसारखी हाताला ओढ लागली. बोटं आपोआप आवळली गेली आणि ती त्यांतून हिसडून निघून गेली. मी सोडली नाही. ती गेली.

मग काहीच नाही. धुक्यात ती लगेच दिसेनाशी झाली. मी श्वास धरून उभी राहिले. किती वेळ, देव जाणे. मला वाटलं ती स्वप्नातल्यासारखी जातच राहणार. आणि मग लांबून, अगदी लांबून, साखळ्यांचा आवाज आला.

मी ओट्यावर मटकन बसले आणि चक्क रडले. मग उठून पुन्हा फेकली. पुन्हा जड झाली, पुन्हा गेली. या वेळी आवाज नाही, गवतात पडली असेल, पण मला फरक पडला नाही. हाताला कळलं होतं. धुकं विरेपर्यंत मी फेकत राहिले. झाडं एकेक करून परत आली, पंपघर आलं, ऊन आलं, तरी ते हातातलं गेलं नाही.

दुकानात दिवसभर माझ्या बोटांत ती ओढ होती. मालकीणबाईंनी विचारलं, "प्रेमात पडलीस की काय?" मी हो म्हटलं.

तर आता माझी मी फेकते, ताईसाहेब. तुझ्यासारखी दिसत नाही. खांदा खालीच राहतो, निवांत. तो हिसका कधी गळून पडला ते मला कळलंसुद्धा नाही. बघायला ये. नाही आलीस तर नुसतं लिही, की बघायला येणार नाही. तेवढंही चालेल.

तुझी, आज फार आनंदात


२२ ऑक्टोबर, रविवार

ताई,

आनंद पाच दिवसही टिकला नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. हिसका गेला आणि फेक आली. म्हणजे फेकीला त्याचा काही उपयोग नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या तसा तो हाताला अडवतच होता. मग तू, जिच्या हाताला सगळं कळायचं, जिने कधी कुणाचं बघून काही केलं नाही, ती तू तो का करायचीस? उगाच एक बोट तरी हलवलंयस का कधी?

आज पंपघरात गेले आणि मोजपट्टीकाकांना म्हटलं, "ताईची फेक दाखवा." त्यांनी खूश होऊन तक्त्यातली दाखवली. हात, खांदा, लाल गोल. मी म्हटलं, "ही नाही. याच्या आधीची. सगळ्यात जुनी." क्लबच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफितींतून त्यांनी बरंच शोधून काढली. त्यात तुझे केस खांद्यापर्यंत आहेत आणि मी मागे गवतात बसून काहीतरी खाते आहे. तू फेकलीस. हिसका नाही, ताई. खांदा माझ्या परवाच्या खांद्यासारखा, निवांत. मग पुढच्या वर्षीची पाहिली. नाही. त्याच्या पुढची, त्यात जरासा आहे. मग वाढत गेलेला.

काका म्हणाले, "तिने तो विकसित केला, बघ." मी म्हटलं, "काका, ही मोठी करून ठेवलीय ती लहान करा. अख्खी ताई दाखवा." ते म्हणाले, "चेहऱ्यात तंत्र नसतं, म्हणून मी कापून टाकतो." पण त्यांनी केलं तसं.

तुझा चेहरा दिसला. हात मागे गेला, खांदा वर उचलला गेला, आणि त्याच क्षणी तू डोळे घट्ट मिटलेस आणि खालचा ओठ दातांत धरलास. प्रत्येक वेळी. प्रत्येक फेकीला. डॉक्टरीणबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या अगदी हळू बोलल्या, "हा चेहरा मी दवाखान्यात रोज बघते. हिला दुखतंय." काकांनी मोबाईल खाली ठेवला. भिंतीवरचा तक्ता त्यांनी काढून टाकला, घडी घालायचंही त्यांना सुचलं नाही.

दुखतंय! आणि सगळा क्लब ते दुखणं शिकला. मी तर सर्वांच्या आधी. कानाकडे किती उचलायचा, किती वेळ धरायचा, सगळं घोटून घोटून. माझ्या धडधाकट खांद्याने मी तुझ्या दुखऱ्या खांद्याची हुबेहूब नक्कल केली, तुझ्या डोळ्यांसमोर, आणि मला एकदाही काही टोचलं नाही.

मी तुझ्यावर भयंकर रागावले आहे. आईला कळू दिलं नाहीस ते समजू शकते, ती घर डोक्यावर घेते. मला का नाही सांगितलंस? एकाच खोलीत झोपायचो आपण. शिडीवर दिवसभर हात वर करून पाट्या रंगवायच्या, आणि रविवारी लोक बघतात म्हणून फेकायचं. होड्या नाही रंगवत तू तिथे, रंग मिसळतेस. आता कळलं का ते. तळ्यात डिस्क का पडली तेही कळलं. आणि मी शहाणी, अवाक्षर काढलं नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेत होते. काढायला हवं होतं. काय झालं ताई, एवढं विचारायला हवं होतं. तेवढ्यासाठी कसलं तंत्र लागत नव्हतं.

मला रडू येतंय, आणि आई दारात उभी राहून विचारते आहे, "काय झालं? थाळी पडली नाही का?"


२९ ऑक्टोबर, रविवार

ताई,

आज थोडक्यात लिहिते.

खूप दुखतं का? रात्री कुशीवर झोपता येतं का? कुणाला दाखवलंस का?

जोडीचा सामना बारा तारखेला आहे. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं की मी कदाचित नसेन. त्या म्हणाल्या, "सामना दर वर्षी असतो. तुम्ही जा." त्यांनी ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारून ठेवलंय, आणि तुझ्यासाठी कागदावर काही लिहून दिलंय ते माझ्या पर्समध्ये आहे. काय लिहिलंय ते वाचता येत नाही. डॉक्टरच त्या.

मी येऊ का? फेकीबद्दल काही बोलणार नाही. समजूत घालणार नाही, शिकवणार नाही, रागावणार तर मुळीच नाही. तू नको म्हणालीस तर येणार नाही. पण नको तरी म्हण, ताई. न बोलता राहू नकोस. मी तुला बघत बसले इतकी वर्षं, आता तुझं ऐकायचंय.

वाट बघते.


५ नोव्हेंबर, रविवार

शेपटे,

अक्षराला हसू नकोस, डाव्या हाताने लिहिते आहे. एका ओळीला अर्धा चहा संपतो.

तुझी सगळी पत्रं वाचली. आली त्या दिवशीच वाचली. धुक्याचं तर पुन्हा पुन्हा वाचलं. ते जड होणं मी विसरून गेले होते. वाचताना बोटांत आलं.

विचारलंस म्हणून सांगते. दुखतं. फार दुखतं. आधी फक्त फेकताना दुखायचं, मग ब्रश धरताना, आता अंगात बाही चढवतानासुद्धा. वाटलं होतं, कुणाला सांगितलं नाही तर जाईल आपोआप. इथल्या डॉक्टरांना गेल्या महिन्यात दाखवलं, ते ऑपरेशनचं, कापायचं म्हणताहेत. मी घाबरून परत गेलेच नाही.

पुलावर बोलले ते तुला लागावं म्हणूनच बोलले. तू माझ्यासमोर उभी राहून रोज माझा दुखरा खांदा मला करून दाखवायचीस, तोही हसत हसत, न दुखता. मला किंचाळावंसं वाटायचं. तुझा काही दोष नव्हता. मीच म्हणायचे ना, माझ्याकडे बघ आणि तसंच कर.

आईला आत्ताच सांगू नकोस, मी सांगेन. ये. त्या डॉक्टरीणबाईंचा कागद घेऊन ये. मला तुझ्यासोबत दवाखान्यात जायचंय, एकटीने पायरी चढवत नाही.

आणि लवकर ये. हात मानेच्या वर जात नाही. केस मोकळे सोडून दुकानात बसते तर गिऱ्हाइकांना वाटतं बाईला नटायची हौस आहे. मला माझी वेणी घालता येत नाही गं.